शंका आली तर मेलेली

“टिकली की चादर?” पद्मजाताईनं विचारलं.

मी त्या प्लास्टिकच्या ताटलीवर इतकी वाकले होते की माझी वेणी तिच्यात बुडायचीच बाकी होती. ताटलीला अप्पेपात्रासारखे खळगे होते, पण एकेक खळगा जेमतेम वाटाण्याएवढा. प्रत्येकात ताईनं रक्तातल्या लाल पेशींचे दोन थेंब सोडले होते. तासभर ताटलीला हात लावायचा नाही, टेबलाला धक्का द्यायचा नाही असा हुकूम होता. तासभर गप्प बसून मी माझ्या आयुष्यातला विक्रम केला होता.

“वरच्या ओळीत चादर, खालच्या ओळीत टिकल्या,” मी म्हटलं.

“शाबास. वर कच्च्या अबईच्या बियांचा रस आहे. त्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनानं पेशींना एकमेकींचे हात धरून उभं केलं, म्हणून त्या चादरीसारख्या पसरल्या. खाली तोच रस आहे, पण चांगला उकळलेला. उकळलं की लेक्टिन कामातून जातं. मग पेशी सुट्या घरंगळतात आणि तळाशी टिकली होऊन बसतात.”

“म्हणून आई अबई आधी उकडून पाणी फेकते?”

“म्हणूनच. तुझ्या आईला लेक्टिन माहीत नसेल, पण पोटदुखी माहीत आहे.”

ही मी आठवीतून नववीत गेले त्या मे महिन्यातली गोष्ट. आई एका वनस्पती-संशोधन संस्थेच्या ऑफिसात कारकून होती. मला घरी एकटी ठेवलं तर मी गॅस उडवीन नाहीतर शेजारच्या काकूंची झोप, अशी तिची खात्री होती, म्हणून ती मला रोज बरोबर न्यायची. दोन दिवस मी ऑफिसातला पंखा मोजला. म्हणजे त्याच्या फेऱ्या. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत शिरले ती बाहेर निघालेच नाही.

तिथे पद्मजाताई होती. गडहिंग्लजची, पीएचडीच्या सहाव्या वर्षाला. वर्षं विचारली की म्हणायची, “माझ्याबरोबर सुरुवात केलेल्यांची पोरं बालवाडीत गेली.” आणि सदूमामा होते. ते काचेची भांडी धुवायचे आणि सगळ्यांना टोमणे मारायचे.

“नवीन शास्त्रज्ञ आलं म्हणायचं,” त्यांनी पहिल्याच दिवशी माझं स्वागत केलं. “नाव काय?”

“शलाका मगदूम.”

“शलाकाबाई, काय फोडलंसा तर भरून द्यायला लागतंय बरं का.”

मी त्या महिन्यात काचेचं एकही भांडं फोडलं नाही. ते सांगून ठेवते.

ताईचं काम तिनं मला एका वाक्यात सांगितलं होतं: लोखंडाला गंज चढतो तसा पेशींनाही चढतो, मेंदूतल्या आणि नसांमधल्या पेशींना जास्तच, आणि अबईतलं लेक्टिन त्यांना त्या गंजापासून वाचवतं का ते बघायचं. काचेच्या बशांमध्ये ती चेतापेशी वाढवायची. मग त्यांच्यावर पेरॉक्साइड घालायची. आपल्या जखमेवर फेसाळतं ना, तेच. त्यानं पेशी मरायच्या. आधी अबईचा रस दिला तर कमी मरतात का, एवढाच प्रश्न. एवढ्या प्रश्नाला सहा वर्षं!

अबईचा वेल तिच्या घरच्या कुंपणावरचा होता. तिचे वडील, अण्णा, पेठेत शिंपीकाम करायचे. कंपवातानं त्यांचा उजवा हात थरथरायला लागला आणि मशीन बंद पडलं. रोज दुपारी एक वाजता ती फोन लावायची आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं.

“अण्णा, दोरा ओवला का?”

फोनमधला आवाज मला दोन टेबलांवरून ऐकू यायचा. “सुई पळती गं!”

दोघंही हसायची. फोन ठेवला की ताई पुन्हा बशांकडे वळायची.

वीस जूनला तिची समितीपुढे बैठक होती. ठोस काही दाखवलं तर शिष्यवृत्ती आणखी एक वर्ष मिळणार होती, नाहीतर काम तिथेच गुंडाळायचं. हे मला तिनं नाही, सदूमामांनी सांगितलं. “जूनमदी हिचं कायतरी निगालं पायजे. न्हाईतर गेली सहा वर्सं कचऱ्याच्या बुट्टीत.”

मे महिना संपत आला तेव्हा ताईनं मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं.

“तू मोजणार आहेस.”

“मी?” माझ्या अंगावर काटाच आला. “सगळ्या?”

“बशीत लाखो असतात बाई. प्रत्येक बशीतल्या शंभर मोज. मी मोजायची नाही, कारण कुठली बशी कुठली ते मला माहीत आहे. माझ्या मनात एक बशी जिंकावी असं असणार. डोळा मनाचं ऐकतो. तुला माहीत नसेल, म्हणजे तुझा डोळा सरळ राहील.”

चार बशा होत्या. त्यांच्यावर नुसतं क, ख, ग, घ. एकीत धडधाकट पेशी. एकीत नुसतं पेरॉक्साइड. एकीत पेरॉक्साइडच्या आधी कच्च्या अबईचा रस, एकीत उकळलेल्या अबईचा. कुठल्या अक्षराला काय, ते चिठ्ठीवर लिहून तिनं पाकिटात घातलं, डिंकानं चिकटवलं आणि काचपट्ट्यांच्या खणात ठेवलं. असं तीनदा करायचं होतं, तीन आठवड्यांत तीन फेऱ्या. तिन्ही फेऱ्यांना अक्षरं तीच, पाकीट एकच.

मोजायचं कसं तेही तिनं शिकवलं. पेशींवर निळा रंग घालायचा. जिवंत पेशी दार लावून घेते, रंग आत येऊ देत नाही, म्हणून ती मोत्यासारखी चमकते. मेलेलीचं दार उघडं, ती निळी होते. काचेवर बारीक चौकटी आखलेल्या असतात. वरच्या आणि डाव्या रेषेवर बसलेल्या घ्यायच्या, खालच्या आणि उजव्या रेषेवरच्या सोडायच्या. वहीत दोन रांगा, जिवंत आणि मेलेल्या, आणि प्रत्येक पेशीला एक रेघ.

“आणि अर्धवट निळी असली तर?”

“शंका आली तर मेलेली. मेलेल्यांच्या रांगेत रेघ मार आणि तिच्यावर एक टिंब दे, म्हणजे शंका होती हे कळेल. काहीही झालं तरी हा नियम मोडायचा नाही.”

मला पेननं खाडाखोड होते म्हणून मी पेन्सिल मागितली. ताईनं दिली. “पेन्सिल?” सदूमामा म्हणाले. “शाळा हाय व्हय ही?”

पहिली फेरी मी जीव ओतून मोजली. मान दुखली, डोळ्यांपुढे निळे ठिपके नाचायला लागले, जेवताना साबुदाण्याचे दाणे मी जिवंत-मेलेले असे वेगळे केले. क मध्ये चौऱ्याण्णव जिवंत. ग मध्ये एकतीस. म्हणजे क धडधाकट आणि ग नुसत्या पेरॉक्साइडची, हे चिठ्ठी न बघताही कळत होतं. ख मध्ये अठ्ठावन्न निघाल्या, घ मध्ये सत्तावन्न.

अठ्ठावन्न आणि सत्तावन्न. ह्यातली एक कच्ची आणि एक उकळलेली. मला एवढं कळत होतं की दोन्ही सारख्या निघाल्या तर ताईचं लेक्टिन हरलं. कारण उकळलेल्यात लेक्टिन नव्हतंच.

ताई आकडे विचारत नव्हती. तिन्ही फेऱ्या झाल्याशिवाय बघायचं नाही हा तिचा नियम. ती नुसती माझ्या चेहऱ्याकडे बघायची आणि मग पटकन दुसरीकडे.

दुसऱ्या फेरीच्या दुपारी ती फोनवर होती. “अण्णा, दोरा ओवला का?” त्या दिवशी पलीकडून ‘सुई पळती’ आलं नाही. आलं ते असं, “आज बटन बी लागंना बघ, पद्मा. आईनं लावून दिलं.” ताई फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेली.

मी काचपट्टी काढायला खण उघडला. पाकीट वरच होतं. सूक्ष्मदर्शकाचा दिवा चालू होता. मी पाकीट फाडलं नाही, वाफेवर धरलं नाही, काही नाही. नुसतं त्या दिव्यावर ठेवलं. पातळ पांढरं पाकीट, काळी शाई. अक्षरं आरपार दिसली.

ख – कच्ची. घ – उकळलेली.

तीन सेकंद लागले असतील. मी पाकीट होतं तसं ठेवलं, खण लावला आणि मोजायला बसले.

एकही पेशी मी मनानं घातली नाही. हे मी स्वतःला तेव्हा शंभरदा सांगितलं. मी फक्त शंका घ्यायची सोडून दिली. ख मध्ये एखादी फिकट निळी दिसली की म्हणायचे, अगं, ही तर नुसती सावली आहे, जिवंतच आहे बिचारी. घ मध्ये एखादी चमकणारी दिसली की भिंग पुढेमागे करून करून तिच्यात निळं शोधायचे. आणि शोधलं की सापडतंच. दुसऱ्या फेरीत ख चौऱ्याहत्तर, घ बावन्न. तिसऱ्या फेरीत ख शहात्तर, घ पन्नास.

मग राहिली पहिली फेरी. ती एकटीच वेगळी दिसत होती, गणवेशाच्या दिवशी रंगीत कपडे घालून आलेल्या मुलीसारखी. एका दुपारी ताई जेवायला गेल्यावर मी रबर काढलं. ख च्या पानावर टिंबं दिलेल्या तेरा रेघा खोडल्या आणि जिवंतांच्या रांगेत तेरा नव्या मारल्या. अठ्ठावन्नाचे एकाहत्तर झाले. रबराचा कचरा फुंकर मारून उडवला.

पाकीट फोडलं तो दिवस मला अजून आठवतो. हेरवाडकर सर, म्हणजे ताईचे मार्गदर्शक, स्वतः आले होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, ताईनं माझी वही वाचली. ताईचा आवाज ‘शहात्तर’वर फाटला. सरांनी तिन्ही आकडे पुन्हा वाचून घेतले आणि म्हणाले, “हं.”

“हं म्हणाले!” ते गेल्यावर ताईनं माझे दोन्ही खांदे धरून मला गदागदा हलवलं. “शलके, सहा वर्षांत पहिल्यांदा हं म्हणाले!”

तिनं अण्णांना फोन लावला. तिनं सगळं सांगितल्यावर अण्णा म्हणाले, “मग आता सुई थांबंल म्हण की.”

“अण्णा, बशीतल्या पेशी आहेत त्या. माणसापर्यंत यायला फार वेळ आहे.” पण ती हसत होती. “मोजणारी पोरगी इथेच आहे. देऊ?”

“पोरी,” अण्णा मला म्हणाले, “तुजी नजर लई चांगली हाय म्हणं.”

मी “हो” म्हटलं.

वीस जूनची बैठक झाली, ताईला वर्ष मिळालं. माझी शाळा सुरू झाली आणि मी वर्गात इतका भाव खाल्ला की विचारू नका. घरी कितीही बडबडले तरी पूर्वी वर्गात हजेरीला ‘उपस्थित’ म्हणताना माझा आवाज फुटत नसे. आता मी बाईंना मध्येच थांबवून चेतापेशींबद्दल सांगायचे. जानेवारीत विज्ञान प्रदर्शन आलं आणि बाईंनी विषय जाहीरच करून टाकला, ‘अबईची कमाल: सादरकर्ती शलाका मगदूम.’

तक्त्यासाठी फोटो हवे होते, म्हणून एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी संस्थेत गेले.

ताई तिथेच, त्याच टेबलाशी होती. पण तिचे केस विंचरलेले नव्हते आणि तिनं मला बघून “आलीस?” एवढंच म्हटलं.

“ताई, टिकली-चादरीचा फोटो दे ना! आणि शहात्तरवाल्या बशीचा!”

सदूमामा बेसिनवरून म्हणाले, “शहात्तर? कुटलं शहात्तर, बाळ?”

“मामा, राहू दे,” ताई म्हणाली.

पण मामा कशाला राहू देतात! “सात डाव केलं हिनं परत. सात. पाच नवी मानसं मोजायला बसवली. येतच न्हाई ते.”

मी ताईकडे पाहिलं. ती हात बघत होती. स्वतःचे.

“दोन्ही बशा सारख्याच येतात,” ती म्हणाली. “कच्ची आणि उकळलेली. माझ्याच हातून काहीतरी बिघडतंय. रस काढताना, नाहीतर थंड ठेवताना. जूनमध्ये काय बरोबर केलं होतं तेच मला आठवत नाही. सर म्हणाले, जुन्याच कुंपणाची अबई घेऊन बघ. दर वेळेला अण्णांकडून मागवते.”

टेबलावर एक कापडी पिशवी होती. तिच्यात सोललेल्या अबईच्या बिया, लालसर, जाडजूड. काही बियांवर नखांचे ओरखडे होते, काहींच्या साली अर्धवट सोलून सोडलेल्या.

“त्यांनीच सोलल्या?” मी विचारलं.

“दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. माझ्या पोरीचं काम आहे म्हणतात. एक पिशवी सोलायला चार दिवस लागतात त्यांना. ही सातवी.”

माझ्या दप्तराचा पट्टा खांद्यावरून घसरला. मी तो वर घेतला नाही.

“ताई, मी पाकीट बघितलं होतं.”

“कुठलं पाकीट?”

“तुझं. दिव्यावर धरून. दुसऱ्या फेरीच्या आधी. मला माहीत होतं ख कुठली ते.”

नळ बंद झाला. सदूमामा हात पुसत तिथेच उभे राहिले.

मी सगळं सांगितलं. सावलीचं, भिंग पुढेमागे करण्याचं, रबराचं. रडत नव्हते. शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं एका दमात सांगितलं. मला वाटलं, ती ओरडेल. तिनं विचारलं, “किती?”

“काय किती?”

“पहिल्या फेरीतल्या किती खोडल्यास?”

“तेरा.”

तिनं कपाट उघडून माझी वही काढली. ते पान फाडून तिनं सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यावर धरलं. त्याच दिव्यावर. रबर घासून कागद पातळ झाला होता, आणि उजेडात एकेक खोडलेली रेघ भुतासारखी वर आली, डोक्यावर टिंबासकट. मी पेन्सिल दाबून लिहिते. आई नेहमी ओरडते त्यावरून.

“एक, दोन, तीन...” ताई बोटानं मोजत गेली. तेराला थांबली. “अठ्ठावन्न. आणि घ?”

“सत्तावन्न. त्याला हात नाही लावला.”

ती स्टुलावर बसली. मग हळूच म्हणाली, “नुसत्या पेरॉक्साइडला एकतीस. म्हणजे अबईनं पेशी वाचवल्याच की. दोन्हींनी वाचवल्या. उकळूनही टिकतं असं दुसरंच काहीतरी आहे त्यात. लेक्टिन नव्हतंच ते.” तिनं पान खाली ठेवलं. “जूनमध्येच उत्तर आलं होतं. या पानावर.”

“ताई, मला वाटलं, तू जिंकावीस. अण्णांचं बटण...”

“अण्णांचं नाव घेऊ नकोस.” तेवढं एकच वाक्य ती जोरात बोलली. मग पुन्हा खालच्या आवाजात, “खोटं केलंस त्याचं नाही मला एवढं. लहान आहेस. सात महिने मी माझ्या हातांना शिव्या देतेय, शलाका. रात्री उठून बघत होते, माझेही थरथरतात की काय.”

तिनं मला शलके म्हटलं नाही, शलाका म्हटलं.

“चल,” ती उठली. “सरांना तू सांगायचंस.”

सरांच्या खोलीत मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना मात्र रडू आलं. सरांनी माझ्याकडे नाही, ताईकडे बघून विचारलं, “तिन्ही फेऱ्यांना पाकीट एकच होतं?”

“हो सर.”

“अक्षरं तीच?”

“हो सर. माझी चूक.”

“समितीला पत्र लिहा. आजच. जूनचा निकाल मागे घेतला म्हणून.”

“हो सर.”

पत्र गेलं. एप्रिलपासून ताईची शिष्यवृत्ती थांबली. ती सकाळी एका शाळेत विज्ञान शिकवायची आणि दुपारी येऊन प्रयोग करायची, हे मला आईकडून कळायचं. प्रदर्शनात माझ्या टेबलावर अबई नव्हती. बाईंना मी कारण खरंच सांगितलं. वर्गालाही. महिनाभर मधल्या सुट्टीत माझ्या डब्याशेजारी कुणी डबा उघडला नाही. आणि गंमत म्हणजे त्यानंतर माझा आवाज कुठेच अडला नाही. अजूनही अडत नाही.

मे महिन्यात आई एकदा घरी येऊन म्हणाली, “पद्मजानं विचारलंय, उद्या येशील का. मोजायला.”

मी तीनदा विचारलं, “मलाच?”

सदूमामा दारातच भेटले. “आलंसा, शलाकाबाई?” एवढंच म्हणाले. ताईनं स्टूल पुढे सरकवलं. नव्या चार बशा होत्या, या वेळी लेक्टिन काढून टाकलेला रस होता, आणि दर फेरीला नवी अक्षरं असणार होती. आम्ही दोघी जुन्यासारखंच बोलत होतो. उन्हाबद्दल, तिच्या शाळेतल्या पोरांबद्दल. “एकानं मला विचारलं, बाई, पेशीला सुट्टी कधी असते?” ती म्हणाली, आणि मी हसले.

मग मी काचपट्टीसाठी खण उघडला.

पाकीट तिथेच होतं. पण ते चांदीच्या कागदात गुंडाळलेलं होतं, पोळ्या गुंडाळतात त्या. चारही कडा दुमडून, नखानं दाबून बसवलेल्या.

मी त्याच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. मी पट्टी घेतली आणि खण लावला. तिनं माझ्यापुढे वही ठेवली, आणि पेन्सिलीऐवजी पेन.

“शंका आली तर?” तिनं विचारलं.

“मेलेली.”

मी भिंगाला डोळा लावला. पहिल्याच चौकटीत, डाव्या रेषेवर, एक पेशी होती. चमकत होती, आणि कडेला अगदी किंचित, असेल नसेल असं निळं. किती तरी वेळ मी तिच्याकडेच बघत राहिले. मग मेलेल्यांच्या रांगेत एक रेघ मारली, आणि तिच्यावर टिंब दिलं.